बी.एड.ला नाव घालताना: सीईटीच्या अर्जापासून शाळेच्या हजेरीवहीपर्यंत

बी.एड.ची फी भरली, पावती हातात आली, की आपलं नाव नोंदलं गेलं असं नव्या विद्यार्थ्याला वाटतं. महाराष्ट्रात शिक्षक व्हायला निघालेल्याचं नाव निदान पाच ठिकाणी नोंदवलं जातं: राज्याच्या सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, कक्षाकडे, कॉलेजच्या रजिस्टरात, प्रवेशाला मंजुरी देणाऱ्या प्राधिकरणाच्या यादीत, विद्यापीठाच्या दप्तरात आणि शेवटी त्या शाळेच्या हजेरीवहीत, जिथे तुम्ही सराव म्हणून शिकवता. या पाचही ठिकाणी माणूस एकच आहे हे कागदावरून पटलं पाहिजे. एका ठिकाणी जरी अडलं, तरी दोन वर्षं शिकून पदवी हातात येत नाही.

हे मी अंगावर घेतलेलं आहे. मी लग्नानंतर बी.एड. केलं. दहावी-बारावी-पदवी माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने, आणि सीईटीचा अर्ज भरताना समोर आधार होतं म्हणून तोही सासरच्या नावाने. प्रवेश झाला, वर्षभर तास केले, पाठ घेतले, परीक्षा दिली. निकालाच्या दिवशी नोटीस बोर्डावरच्या यादीत सगळ्यांच्या नावासमोर गुण होते आणि माझ्या नावासमोर 'पात्रतेअभावी राखीव'. चार महिने लागले तो निकाल मोकळा व्हायला. आज मी एका अध्यापक महाविद्यालयात शिकवते आणि दर वर्षी प्रवेशाच्या टेबलावर बसते. तिथे समोर येणाऱ्या मुलामुलींना जे सांगते, तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

तुम्हाला बी.एड.च हवं आहे ना?

आधी हे ठरवा, कारण चुकीच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं की पुढची सगळी मेहनत वाया जाते. पहिली ते पाचवीच्या वर्गांना शिकवायचं मनात असेल, तर बी.एड. उपयोगाचं नाही. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. प्राथमिकसाठी बी.एड. चालेल असं सांगणारी २०१८ची अधिसूचना तेव्हा रद्द ठरली. त्या वर्गांसाठी डी.एल.एड., म्हणजे पूर्वीचं डी.एड., हा नेहमीचा रस्ता. बी.एड. चालतं ते सहावीपासून पुढे. बारावी नुकतीच झाली असेल आणि शिक्षकच व्हायचं पक्कं असेल, तर चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रमही आहे. २०२३-२४ पासून तो निवडक संस्थांत सुरू झाला आणि त्याची प्रवेश परीक्षा राष्ट्रीय पातळीवर होते. इथे मी लिहिते आहे ते पदवीनंतरच्या दोन वर्षांच्या नियमित बी.एड.बद्दल.

त्याची अट राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीटीईने, २०१४च्या विनियमांत घातली आहे. पदवीला किंवा पदव्युत्तर पदवीला किमान ५० टक्के हवेत. विज्ञान आणि गणिताशी संबंधित अभियांत्रिकी पदवी असेल तर ५५ टक्के. महाराष्ट्रातल्या मागासवर्गीय उमेदवारांना ४५ टक्क्यांची सवलत आहे. यातला 'किंवा' फार महत्त्वाचा. बी.ए.ला ४७ टक्के पडले म्हणून खचून गेलेली आणि एम.ए.ला ५८ टक्के असलेली मुलगी माझ्या टेबलावरून रडत परत जायला निघाली होती. ती पात्रच होती, तिला कुणी ते सांगितलं नव्हतं. उलट ४९.९ टक्के म्हणजे ५० धरतील, या भरवशावर अजिबात राहू नका. गुणपत्रिकेवर टक्क्यांऐवजी श्रेणी असेल, तर टक्के कसे काढायचे याचं सूत्र किंवा प्रमाणपत्र तुमच्या विद्यापीठाकडून आधीच घेऊन ठेवा.

कॉलेजची मान्यता स्वतः बघा

मान्यता आणि संलग्नता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मान्यता एनसीटीई देते. महाराष्ट्र आणि गोवा तिच्या पश्चिम विभागीय समितीकडे येतात. संलग्नता विद्यापीठ देतं, आणि कायद्याप्रमाणे ती मान्यतेनंतरच देता येते. दोन्ही असल्याशिवाय त्या कॉलेजच्या पदवीला सरकारी नोकरीत किंमत नाही. एखाद्या कॉलेजची मान्यता काढून घेतल्यावर तिथे प्रवेश घेऊन मिळवलेली पदवी १९९३च्या एनसीटीई कायद्याच्या कलम १७ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या नोकरीसाठी ग्राह्य धरली जात नाही. मुलाने मन लावून अभ्यास केला होता, हा बचाव तिथे चालत नाही.

म्हणून एनसीटीईच्या संकेतस्थळावरच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत कॉलेजचं नाव, गाव आणि प्रवेशक्षमता शोधा. क्षमता ५०च्या पटीत असते, एका तुकडीला ५० विद्यार्थी. कॉलेज स्वतःच्या माहितीपत्रकात शंभर जागा सांगत असेल आणि मान्यता एकाच तुकडीची असेल, तर तिथून सरळ उठा.

इथेच एक कळकळीची विनंती. 'कॉलेजला यायची गरज नाही, परीक्षेपुरतं या, बाकी आम्ही बघतो' असं सांगणारे दलाल दर उन्हाळ्यात गावोगाव फिरतात. शेजारच्या राज्यातलं कॉलेज दाखवतात आणि एकरकमी आकडा सांगतात. आईने पाटल्या मोडून असा आकडा भरल्याचं मी पाहिलं आहे. नियमित बी.एड. म्हणजे रोज जाऊन करायचं बी.एड. न जाता मिळालेला कागद पडताळणीत कधी ना कधी उघडा पडतोच, आणि तोवर वयाची चार-पाच वर्षं गेलेली असतात. दूरशिक्षणाने बी.एड. होतं, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातूनही ते चालत आलं आहे. पण ते आधीच प्रशिक्षित असलेल्यांसाठी आहे: प्राथमिकचे सेवेतले प्रशिक्षित शिक्षक, किंवा डी.एल.एड.सारखा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गात बसून पूर्ण केलेले. नुसती पदवी घेऊन घरी बसलेल्याला दूरशिक्षणाचं बी.एड. 'मिळवून देतो' असं कुणी म्हणालं, तर तो माणूस खोटं बोलतो आहे.

सीईटीचा अर्ज

राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष ही परीक्षा घेतो. बी.एड. सीईटी संगणकावर होते. १०० प्रश्न, ९० मिनिटं, चुकीला गुण कापत नाहीत. बौद्धिक क्षमता, सामान्य ज्ञान आणि अध्यापन अभियोग्यता असे तीन भाग असतात. इंग्रजी माध्यमाच्या कॉलेजात जायचं असेल तर इंग्रजीची वेगळी चाचणीही द्यावी लागते, आणि तिची निवड याच अर्जात करायची असते. ती राहून गेली की वर्षभर पर्याय नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षाला बसलेल्यांनाही सीईटी देता येते. प्रवेशाच्या वेळी मात्र उत्तीर्ण झाल्याची गुणपत्रिका हातात हवी.

परीक्षेचा अभ्यास कसा करायचा यावर पुष्कळ लोक सांगतात, ते मी इथे सांगत बसत नाही. मला अर्जाबद्दल बोलायचं आहे. अर्ज स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर आणि स्वतःच्या ईमेलवर भरा. खेड्यातली बरीच मुलं तालुक्याच्या सायबर कॅफेत जातात, आणि घाई असली की दुकानदार स्वतःचाच क्रमांक टाकून मोकळा होतो. पुढे कॅप फेरीला, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाला, लॉगिन करायचं असतं तेव्हा ओटीपी त्याच्या फोनवर जातो आणि त्या दिवशी दुकान बंद असतं. महाविद्यालयांचे पर्याय भरायच्या शेवटच्या संध्याकाळी असा एक मुलगा माझ्यासमोर बसला होता. गुण चांगले होते, पण खात्यात शिरता येत नव्हतं. कॅफेतून भरायला काहीच हरकत नाही, पण लॉगिन, पासवर्ड, अर्ज क्रमांक घरच्या वहीत लिहून ठेवा आणि भरलेल्या अर्जाची प्रत छापून घ्या.

नावाचं काय करायचं

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा थांबून वाचा.

बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, मग तुमचं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुधा तुमचं नाव आधी आणि आडनाव शेवटी. हा नुसता क्रमाचा फरक असेल तर फारसं अडत नाही. अडतं ते अक्षरांच्या फरकाने. आईचं नाव एका कागदावर 'सुमन' आणि दुसऱ्यावर 'सुमनबाई', वडिलांचं नाव एकीकडे 'दत्तात्रय' आणि दुसरीकडे 'दत्तू', आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त. घरात हे कुणाच्या लक्षातही येत नाही, पण संगणक तो माणूस वेगळा समजतो. त्यातच आता विद्यार्थ्याचं श्रेयांक खातं, म्हणजे एबीसी किंवा अपार क्रमांक, आधारवरून निघतं. आधारवर नाव चुकीचं असलं की ती चूक विद्यापीठाच्या नोंदीतही शिरते.

माझा सल्ला सरळ आहे. दहावीचं प्रमाणपत्र हे मूळ धरा. सीईटीपासून बी.एड.च्या पदवीपर्यंत शिक्षणाच्या प्रत्येक कागदावर तेच नाव, त्याच अक्षरांत. आधार वेगळं असेल तर अर्ज सुरू व्हायच्या आधीच आधार दुरुस्त करून घ्या.

लग्न झालेल्या मुलींना मी हेच सांगते: बी.एड. होईपर्यंत शिक्षणात माहेरचंच नाव चालू ठेवा. त्यात कुणाचा अपमान नाही, हे गरज पडली तर घरच्यांना समजावून सांगा. जातीचा दाखला वडिलांकडच्या कागदांवरूनच निघतो, लग्नाने जात बदलत नाही. म्हणजे दाखलाही माहेरच्याच नावाशी जुळतो. एखादीने आधीच सगळीकडे नाव बदललं असेल, तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि नावबदलाची महाराष्ट्र शासन राजपत्रातली प्रसिद्धी, हे दोन्ही हाताशी ठेवा. राजपत्रासाठी अर्ज ऑनलाइन करता येतो. नुसतं स्टॅम्पपेपरवरचं प्रतिज्ञापत्र कॉलेजच्या टेबलावर कदाचित चालून जाईल, विद्यापीठाच्या पात्रता विभागात अडकेल. माझं तिथेच अडकलं होतं.

बाकीचे कागद

दहावी, बारावी, पदवीच्या सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, आधार, फोटो. शिक्षणात खंड पडला असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. हे सगळे आणतात. अडतात ते आरक्षणाचे कागद.

जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र हे एकच नव्हे. दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो, वैधता जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडून आणि अनुसूचित जमातींसाठी त्यांच्या वेगळ्या समितीकडून. वैधतेला वडिलांकडच्या पिढीचे जुने पुरावे लागतात: आजोबांच्या शाळेच्या निर्गम उताऱ्यात जातीची नोंद, जुना कोतवाल बुकाचा, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यू नोंदीचा, उतारा, असं काही. ते गोळा करायलाच महिने जातात. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाच कॉलेजचं पत्र घेऊन अर्ज करून टाका. घरात सख्ख्या भावाला किंवा वडिलांना वैधता मिळाली असेल तर ती प्रत जोडा, काम बरंच सोपं होतं.

नॉन क्रीमी लेअर प्रमाणपत्र प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं हवं. जुन्या प्रमाणपत्राची मुदत गेल्या मार्चमध्येच संपली, हे टेबलावर आल्यावर कळतं आणि मग मुलगा खुल्या प्रवर्गात ढकलला जातो. तारीख आजच बघा.

पदवी दुसऱ्या राज्यातली असेल तर तुमची गणना राज्याबाहेरचे उमेदवार म्हणून होऊ शकते. गोवा विद्यापीठातून पदवी घेऊन सिंधुदुर्गात किंवा कोल्हापुरात येणारी मुलं असतात, बेळगाव-निपाणीकडची मराठी मुलं असतात. यांनी अधिवास आणि उमेदवारीचा प्रकार याबद्दलचं पान माहितीपुस्तिकेत शब्दन् शब्द वाचावं. आपण कुठल्या प्रकारात बसतो ते अर्जातच ठरतं, नंतर बदलत नाहीत.

कॅप, वाटप आणि रिपोर्टिंग

सीईटीचा निकाल लागला की केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, म्हणजे कॅप, सुरू होते. तिच्यासाठी पुन्हा वेगळी नोंदणी करावी लागते. सीईटी दिली म्हणजे आपोआप कॅपमध्ये आलो, असं नाही. दर वर्षी काही मुलं इथे गळतात. नोंदणी, कागद अपलोड, त्यांची ऑनलाइन तपासणी, तात्पुरती गुणवत्ता यादी, हरकती, अंतिम यादी, मग महाविद्यालयांचे पर्याय, मग वाटप. तात्पुरती यादी लागली की तुमच्या नावापुढचा प्रवर्ग, गुण, लिंग, पदवीचा विषय नीट तपासा. हरकतीची मुदत दोन-तीन दिवसांची असते, त्यानंतर कुणाच्याही हातात काही राहत नाही.

पर्याय भरताना कॉलेजच्या नावाबरोबर एस.टी.चं वेळापत्रकही बघा. हे मी मनापासून सांगते. हजेरीचा नियम कडक आहे, तो पुढे येतो आहेच. दोन बस बदलून ५५ किलोमीटर येणारी मुलगी पावसाळ्यात नाल्याला पूर आला की चार दिवस घरी अडकते. जवळचं साधं कॉलेज तिला लांबच्या नामांकित कॉलेजपेक्षा जास्त शिकवेल.

वाटप झालं की ठरलेल्या मुदतीत कॉलेजला जाऊन रिपोर्टिंग करायचं. मूळ कागद दाखवा, पडताळणी झाली की परत घ्या. कॉलेजकडे मूळ स्वरूपात जमा होतो तो फक्त शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला. तो देण्याआधी त्याच्या चार-पाच प्रती काढून साक्षांकित करून ठेवा, पुढे शिष्यवृत्तीला आणि वैधतेला लागतात. फीची पावती घ्या. खासगी विनाअनुदानित कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. त्याहून जास्त मागितली तर तो आकडा पावतीवर लिहून मागा.

कॅपमधूनच प्रवेश घ्या, असा माझा आग्रह असतो, आणि त्याला पैशांचं कारण आहे. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसारख्या योजना कॅपमधून आलेल्यांनाच मिळतात, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर. २०२४-२५ पासून इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल गटातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली आहे, पण तीही त्याच उत्पन्नमर्यादेत आणि कॅपच्या जागांवर. संस्थास्तरावरची, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं ती, जागा घेतली की हे सगळं हातचं जातं. महाडीबीटीचा, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा, अर्ज ज्या आठवड्यात सुरू होईल त्याच आठवड्यात भरा आणि बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का ते आधी बँकेत जाऊन विचारा.

यानंतर कॉलेज सगळ्या प्रवेशांची यादी मंजुरीसाठी पाठवतं. खासगी विनाअनुदानित कॉलेजांसाठी २०१५च्या कायद्याने प्रवेश नियामक प्राधिकरण नेमलेलं आहे, ते प्रत्येक नाव कागदांशी ताडून बघतं. विद्यार्थ्याला हे दिसत नाही, म्हणून तो विचारत नाही. तुम्ही विचारा. दिवाळीच्या सुट्टीआधी कार्यालयात जा आणि म्हणा, 'मॅडम, मंजूर यादीत माझं नाव आहे का, एकदा दाखवाल?' नसेल तर कुठला कागद कमी आहे ते तेव्हाच कळतं.

विद्यापीठाची पात्रता

कॉलेजातला प्रवेश विद्यापीठाच्या दृष्टीने तात्पुरता असतो. विद्यापीठ तुमची आधीची पदवी तपासून पात्रता कायम करतं आणि मग कायम नोंदणी क्रमांक, सगळे ज्याला पीआरएन म्हणतात, तो देतं. त्याच विद्यापीठातून पदवी घेतली असेल तर हे बहुधा सहज होतं. दुसऱ्या विद्यापीठातून आलात तर स्थलांतर प्रमाणपत्र, म्हणजे मायग्रेशन, लागतं. ते तुमच्या जुन्या विद्यापीठातून आणायचं असतं आणि तिथे चकरा मारायला लागू शकतात. जुलैमध्ये अर्ज टाका, परीक्षेच्या तोंडावर नको.

परीक्षा अर्ज आला की विषयांचे संकेतांक स्वतः वाचा. मराठी अध्यापनाच्या जागी हिंदी अध्यापनाचा क्रमांक पडला, तर प्रवेशपत्रावर हिंदी येतं आणि परीक्षागृहात तीच प्रश्नपत्रिका हातात येते. विलंब शुल्काची वेळ येऊ देऊ नका.

अध्यापन पद्धतीची निवडही याच सुमारास होते. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाप्रमाणे एक किंवा दोन शालेय विषय घ्यायचे असतात. 'मराठी सोपं जातं' म्हणून रसायनशास्त्राची पदवीधर मुलगी मराठी पद्धती मागते, आणि मी तिला परत बसवते. शाळा विषयाचा शिक्षक घेताना पदवीचा विषय आणि बी.एड.ची पद्धती दोन्ही बघते. तुमचा पदवीचा मुख्य विषय ज्या शालेय विषयाशी जुळतो, ती पद्धती पहिली घ्या. मैत्रिणीने घेतली म्हणून घेऊ नका.

हजेरी हीसुद्धा नोंदणीच

एनसीटीईचा नियम असा: वर्षाला किमान २०० कामाचे दिवस, प्रवेश आणि परीक्षेचे दिवस सोडून. आठवड्याला किमान ३६ तास. तास आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी, आणि आंतरवासितेला, म्हणजे शाळेत सराव म्हणून शिकवायच्या काळाला, ९० टक्के. दोन वर्षांचा अभ्यासक्रम जास्तीत जास्त तीन वर्षांत संपला पाहिजे.

हे आकडे वाचून सोडून देऊ नका, हिशोब करा. आंतरवासिता, जुने शिक्षक तिला छात्रसेवाकाल म्हणतात, एकूण २० आठवड्यांची: पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. सहा दिवसांचा आठवडा धरला तर दुसऱ्या वर्षाचे ९६ दिवस होतात. त्याचे ९० टक्के म्हणजे ८७. तुमच्या हातात सुट्टीला नऊ दिवस उरतात, चार महिन्यांत. त्यात चुलत बहिणीचं लग्न, गावची जत्रा, ताप, सगळं आलं. नोकरी करत नियमित बी.एड. करणारे इथेच कोलमडतात. नोकरी असेल तर रीतसर रजा मंजूर करून घ्या, मगच नाव घाला.

शाळेत गेल्यावरची वही कशी असते ते सांगते. डाव्या बाजूला तारीख, मग शाळेत आल्याची वेळ, तासिका, इयत्ता, विषय, घटक, निरीक्षण कुणी केलं, जाण्याची वेळ आणि शेवटच्या रकान्यात मुख्याध्यापकांची सही. शनिवारी शाळा सकाळची भरते, तेव्हा वेळ तशीच लिहायची. रोजची सही रोज घ्या. 'महिनाअखेर एकदम घेऊ' म्हणणाऱ्या एका मुलाच्या वहीत २६ सह्या एकाच शाईत, एकाच दिवशी केल्याचं उघड दिसत होतं. त्यातल्या एका तारखेला शाळेला स्थानिक सुट्टी होती. तपासणीला आलेल्या बाईंनी बोट ठेवलं ते नेमकं त्या ओळीवर. मुलगा प्रामाणिक होता, रोज शाळेत गेला होता, पण त्याला ते आठवडे पुन्हा भरावे लागले.

पहिल्या वर्षी आधी सूक्ष्म अध्यापन होतं: पाच-सहा मिनिटांचा पाठ, समोर मुलांच्या जागी आपलेच सहाध्यायी, एका वेळी एकच कौशल्य, प्रश्न विचारणं किंवा फलकलेखन किंवा स्पष्टीकरण. मग शाळेत सराव पाठ. प्रत्येक पाठाचं टाचण, म्हणजे लेखी आराखडा, आदल्या दिवशी मार्गदर्शकांना दाखवून सही घ्यायची, पाठ झाल्यावर निरीक्षकांचा शेरा. विनासहीचं टाचण म्हणजे तो पाठ झालाच नाही असं धरतात. जे पाठ तुम्ही घेता, तेवढीच सहाध्यायांच्या पाठांची निरीक्षणंही वहीत उतरवायची असतात, ती मुलं नेहमी मागे ठेवतात. पहिल्या पाठाला हात थरथरतात, खडू मोडतो, मुलं हसतात. सगळ्यांचं होतं. टाचण मात्र चोख ठेवा.

शेवटच्या सत्रात करून घ्यायच्या गोष्टी

विशेष शिक्षणाचं बी.एड. करत असाल तर नियम थोडे निराळे. तुमचा अभ्यासक्रम भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेचा हवा, आणि उत्तीर्ण झाल्यावर परिषदेच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव घालून क्रमांक घ्यावा लागतो. त्या क्रमांकाशिवाय विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही. सर्वसाधारण बी.एड.ला अशी वेगळी नोंदवही आपल्याकडे नाही.

सहावी ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षेचा, म्हणजे टीईटीचा, दुसरा पेपर लागतो. केंद्राची सीटीईटी बी.एड. चालू असतानाही देता येते, आणि २०२१ पासून टीईटीचं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, म्हणून दुसऱ्या वर्षी एक प्रयत्न जरूर करा. पुढे पवित्र पोर्टलवर भरतीसाठी नाव नोंदवताना पुन्हा हीच सगळी कागदपत्रं, पुन्हा तेच नाव.

आणि आंतरवासितेच्या शाळेतून निघायच्या दिवशी, पेढे वाटायच्या आधी, अनुभव प्रमाणपत्र घ्या. त्यावर शाळेचा यू-डायस क्रमांक, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, हजर दिवसांची संख्या, मुख्याध्यापकांची सही, गोल शिक्का आणि जावक क्रमांक आहे का ते तिथेच उभं राहून वाचा. मुख्याध्यापक निवृत्त होतात, बदलून जातात, आणि पुढच्या वर्षी नव्या सरांना तुम्ही कोण ते ठाऊक नसतं.